दुधात लोखंड

चिचिरकानाक.
नाव घेताना जीभ दोनदा टाळूला अडते.
झाडही तसंच. इसिक-कूलच्या काठावर
काट्यांवाचून त्याची एक फांदी दाखवा.
गोठल्याशिवाय फळं सुटत नाहीत, म्हणून
नोव्हेंबरात आम्ही फांद्याच कापून आणल्या,
रात्रभर फ्रीझरमध्ये कोंबल्या, सकाळी काठीनं झोडल्या:
ताडपत्रीवर केशरी गारा.
वॉचमन मुकाम्बेत दारात उभा राहून म्हणाला,
प्रयोगशाळेत मळणी असते हे आजच कळलं.

सगळं जुळून आलं की म्हणतात, दुधात साखर.
आम्हाला दुधात लोखंड घालायचं होतं.
बालिक्चीच्या शाळेतल्या मुलांची खालची पापणी
ओढून बघितली, तर आत गुलाबी असायला हवं तिथे
ओल्या कागदाचा रंग.

पण लोखंड दुधात गप्प बसत नाही.
पहिला घोट किल्ली चोखल्यासारखा,
दुसरा, अंगणात राहून गेलेल्या खिळ्यासारखा.
कालिपा एजे म्हणाल्या, झाडाचा अर्क घाल.
आंबट सोबत असलं की लोखंड निमूट रक्तात उतरतं,
एकट्याला दारातूनच परत पाठवतं शरीर.

अर्क घातला. दूध फाटलं.
सामू चार पूर्णांक सहा, या उंबरठ्यावर ते फाटतंच,
तुम्ही बिश्केकमध्ये असा नाहीतर कुठेही.
तेरा वेळा फाटलं. सिंकच्या जाळीत
पिवळट गुठळ्या, आणि माझ्या बाहीला तोच वास
घरी जेवतानाही.

मग निवळी आणली.
चीजच्या कारखान्यामागे नाल्यात सोडतात ती,
हिरवट, पातळ, कुणालाच नको असलेली.
तिनं अर्क घेतला, लोखंड घेतलं, आणि तशीच राहिली.
मी वहीत लिहिलं:
ज्याचं एकदा फाटून झालंय त्याला आंबटाची भीती नाही.
एजेंनी लाल पेननं खोडलं.
बाजूला लिहिलं: निरीक्षणं लिही, म्हणी नकोत.

शाळेत एक्केचाळीस मुलं.
तीन पेले, ४१७, ५८२, ९०३,
कुठल्यात काय हे मलाही ठाऊक नव्हतं.
मधे चूळ भरायला पाण्याचा चौथा.
कागदावर प्रत्येक आकड्यापुढे पाच चेहरे,
रडक्यापासून हसऱ्यापर्यंत; जो पटेल त्याला गोल.

उमसुनाय, वय आठ, पुढचे दोन दात पडलेले.
तिन्ही पेल्यांपुढे तिनं सगळ्यात हसरा चेहरा गोल केला.
मग पाण्यापुढे चेहराच नाही हे बघून
पेन्सिलीला थुंकी लावून स्वतः एक काढला,
छापलेल्यांहून मोठा, सगळे दात असलेला.

सगळंच आवडलं का गं, मी विचारलं.
तिनं ओठावरची केशरी मिशी पुसली.
"मागच्या वर्षी दातांची डॉक्टर आली होती.
आम्ही रडलो.
ती परत आलीच नाही."

निबंध फेब्रुवारीत गेला.
५८२ चांगला ठरला, पाचपैकी चार पूर्णांक दोन.
एकविसाव्या दिवसापर्यंत तळाशी गाळ नाही
(वीज गेली त्या आठवड्यात बाटल्या
खिडकीबाहेर बर्फात उभ्या होत्या, ते आम्ही लिहिलंय;
एक फुटली, तेही).
प्रतिसाद देणारे: चाळीस.
तळटीप: सूचना न पाळल्यामुळे एक अर्ज वगळला.
एजेंचं बरोबर आहे. तो धरला तर सरासरी खोटी होते.

अर्ज मुकाम्बेतनं फ्रीझरच्या दारावर चिकटवलाय.
दार उघडलं की कोपरा थरथरतो, दात दिसतात.

मार्चमध्ये पुन्हा बालिक्ची, रक्ताचे नमुने घ्यायला.
या खेपेला सुया आहेत, म्हणजे रडणं आलंच.
मी एजेंना विचारून
एप्रिलचीही गाडी आत्ताच सांगून ठेवलीय,
कशासाठी, ते त्या रकान्यात
अजून लिहिलेलं नाही.