प्लग कुठंय?

तुर्भ्याच्या भंगारगल्लीत तो किलोवर जाणार होता,
मी नगावर घेतला.
महापेच्या कुठल्याशा बँकेचा सर्व्हर,
कपाळावर अजून चिकटपट्टी: रॅक १४, हात लावू नये.
महादू कोठेकर म्हणाला, ताई, ह्याचं करणार काय?
मागून गरम हवा येते, फार तर कपडे सुकतील.

घणसोलीच्या जिन्यात, दुसऱ्या वळणावर
बाबांचा अंगठा चेमटला.
म्हणाले, जड आहे म्हणजे चांगला आहे.

पुढे आठ कप्पे, लहान डिस्कांचे.
माझ्याकडे मोठ्या चार,
बाबांनी शूट केलेल्या एकवीस वर्षांच्या लग्नांनी भरलेल्या:
गोठिवली, तळवली, दिवाळे, रबाळ्याच्या हळदी,
पैसे बुडवून गेलेले नवरदेवसुद्धा.

जागा आहे. पंख्यांमागच्या पोकळीत
चौघी उभ्या राहतील, खांद्याला खांदा लावून.
डेटाच्या तारा पोहोचतात.
वीज नाही.

साडेसातशे वॉटचे दोन दोन पॉवर सप्लाय,
आणि जास्तीच्या पाहुण्याला एक पिन नाही.
घरच्या कंप्युटरसारख्या मोकळ्या लोंबणाऱ्या तारा इथं नसतातच;
कंपनीनं मोजून वाढलेलं ताट.
मदरबोर्डवर आठ पिनांचं एक सॉकेट आहे,
तोंडवळा ओळखीचा, आतली रचना त्यांची त्यांची.
तोंडवळा बघून घुसवलं तर धूर.

आयटीआयला डोंगरे मॅडम म्हणायच्या,
रंगावर विश्वास ठेवू नका गं, मीटरवर ठेवा.
काळं टोक पत्र्याला, लाल टोक पिनेपिनेवर.
बारा. बारा. शून्य. बारा. शून्य.
पाच कुठंच नाही.
डिस्कला दोन्ही लागतात,
बारा फिरायला, पाच विचार करायला.

बाबा स्टुलावर बसून मोबाइलची बॅटरी धरतात,
मला हवा तिथं उजेड नाही, त्यांना दिसतंय तिथं.
बाबा, इकडे.
तुझी आई बरोबर धरायची, म्हणतात.

आई धरायची.
हजार वॉटचा हॅलोजन, पदर मानेभोवती,
आणि कुणाच्याही मांडवात शिरलं की पहिलं वाक्य,
नमस्काराच्याही आधी:
प्लग कुठंय?
कुणी फ्रिजचा काढून द्यायचं,
कुणी म्हणायचं डेकोरेटरला विचारा,
डेकोरेटर म्हणायचा घरमालकाला.
तळवलीत ऐन मंगलाष्टकात फ्यूज उडाला.
नवरीचा मामा सगळ्यांसमोर ओरडला.
ती वायर गुंडाळत राहिली,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.
मी सात वर्षांची. पेढ्याचा डबा माझ्या मांडीवर.

रात्री अकराला
बाराचे पाच करणारं बोटभर सर्किट डकवलं.
ओतीव प्लास्टिकचे जोड नाही घेतले, ते आतून वितळतात;
दाबून बसवायचे घेतले, चाळीस रुपये जास्त पडले.
मीटर म्हणाला पाच पूर्णांक शून्य दोन.
मग सेटिंग: चौघींनी एकदम उठायचं नाही.
उठतानाच काय ती वीज खूप लागते,
एकदा फिरायला लागलं की थोडक्यात भागतं.
एकीमागून एक. मध्ये सहा सेकंद.

पहिली उठली.
दुसरी.
तिसरी कुरकुरली, मग उठली.
चौथी नाही. तिचं उद्या बघू.

पंख्यांचा आवाज इतका की
बाबांना ओरडून विचारावं लागलं, कुठलं लावू?
कुठलंही, म्हणाले.

गोठिवली, सन दोन हजार तीन. हळद.
आई एकाही फ्रेममध्ये नाही.
नवरी डोळे किलकिले करून
कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे, जरा वर बघते.
तिच्या मागे बसलेल्या बायकाही तिकडेच.
मग बाबांचा आवाज, तरुण, वैतागलेला:
डावीकडे. अगं, अजून डावीकडे.

आणि उजेड सरकतो.