डावा हात

अर्धांगाच्या झटक्यानंतर
रूथबाई समुद्रेंचा डावा हात मांडीवर पडून असतो,
कुणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा.
"बरं झालं," त्या म्हणतात,
"उजवा काय देतो ते ह्याला आता खरंच कळत न्हाई.
एक आज्ञा तरी पुरती पाळली."

चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स.
आता रोज तिन्हीसांजेला सीपीआरच्या फाटकाशी,
मांडीवर पेजेचा डबा, पिशवीत खर्डा,
आणि रिक्षावाला मी.
मीटर टाकत नाही,
पेट्रोलचे पैसे मात्र मोजून घेतो.

काल फाटकाशी गगनबावड्याचा एक माणूस.
बायको आत. दोन दिवस भिंतीला टेकून.
कुणी वाढायला आलं की मान फिरवायचा.

बाई त्याच्यापुढंच बसल्या.
"दादा, एका हातानं झाकण निघंना बघा.
जरा धरता?"

झाकण सैल होतं.
निघताना मीच लावलेलं.
मी तोंड उघडणार, तोच बाईंनी
असं बघितलं की मी हँडल पुसत राहिलो.

त्यानं डबा गुडघ्यांत धरला, झाकण फिरवलं.
वाफ दोघांच्या तोंडावर आली.
मग ओगराळं त्याच्याच हातात राहिलं.
शेजारच्या म्हातारीला त्यानं वाढलं,
सलाइनची बाटली आणायला निघालेल्या पोराला,
मला,
आणि खरवडून स्वतःला.

दसरा चौकात सिग्नल लागला.
बाईंनी पैसे पुढं केले.
नको म्हणायचं मनात होतं.
घेतले.
पण दोन्ही हातांनी.