कोथिंबिरीचं वजन शून्य

लेबलावर ग्रॅम हवेत, असं तालुक्याचे साहेब सांगून गेले.
'मूठभर' चालत नाही. 'बेताची' तर नाहीच नाही.
आमच्या निवतीच्या गटात बारा बायका, दहावी पास मी एकटी,
म्हणून वही माझ्याकडे आली.

आधी सोसायटीतला मासळीचा काटा आणला,
ज्यावर बर्फासकट सुरमईच्या पेट्या चढतात.
कोथिंबिरीची मूठ ठेवली.
शून्य.
आणखी एक. शून्य.
शेवंताकाकी पराडकर म्हणाली,
"मी सांगी होतंय. तिका वजन नसता, वास असता."

मग परुळ्याच्या चोडणकर सोनाराकडून
काचेच्या पेटीतला काटा मागून आणला, पंधरा दिवसांच्या बोलीवर.
तो इतका हळवा
की खिडकीतून खारं वारं आलं तरी अर्धा ग्रॅम थरथरायचा.
दारं लावली. पंखा बंद. कुणी शिंकायचं नाही.

लिहीत गेले:
जुडी, मुळांसकट, माती लागलेली, एकशे दहा.
मुळं छाटून, पिवळी पानं काढून, चौसष्ट.
धुऊन लगेच ठेवली तर पुन्हा ऐंशी,
त्यातले सोळा ग्रॅम आमच्या विहिरीचे.
कापडावर पसरून दुपारी बघितली तर एकोणसाठ;
पाच ग्रॅम कुठं गेले, विचारणार कुणाला?

वाटीचं तर बोलूच नका.
तीच स्टीलची वाटी, कुणाच्या तरी लग्नातलं नाव कोरलेली,
पानं नुसती सोडली तर आठ ग्रॅमांत शिगोशीग,
अंगठ्यानं दाबली तर सतरा,
बारीक चिरली तर बावीस, आणि वर जागा उरते.
पुदिना वाटीत मावत नाही, वजनात भरत नाही;
असे पाहुणे आमच्याकडे गणपतीत येतात.
कढीलिंब काडीनं, तिरफळं नगावर,
त्यांनी कधी त्रास दिला नाही.

मग बाराजणींच्या मुठी जोखल्या.
इंदुमतीची नऊ. तिच्या जावेची चौदा.
सुलभा रापणीचा दोर ओढते, तिची एकवीस.
माझ्या पेन धरणाऱ्या हाताची अकरा, डाव्याची बारा.
काकीनं तीनदा उचलली, न बघता, गप्पा मारत:
अठरा, अठरा, अठरा.
मी काटा बंद करून पुन्हा चालू केला.

लेबलावर गेलं: कोथिंबीर ३६ ग्रॅम.
वहीत त्याखाली: काकीच्या दोन मुठी, पाणी झटकून.

काकी लेकीकडे रत्नागिरीला गेली तेव्हा
छत्तीसच्या हिशोबानं मीच वाटण वाटलं.
परतल्यावर तिनं करंगळीनं चाखलं.
"कोणी केल्यान ह्या?"
मी काट्याकडे बोट दाखवलं.
तिनं काचेचं दार सरकवलं, रिकामी मूठ तबकडीवर ठेवली.
आकडे पळाले, अडखळले, नुसत्या रेघा उरल्या.
"ह्येका माका जोखूक जमाक नाय," म्हणाली
आणि नारळ फोडायला बसली.

काटा परत केला तेव्हा चोडणकरानं पेटी हुंगली.
कोपऱ्यातलं एक वाळकं पान चिमट्यानं उचललं
आणि टाकायच्या आधी
सवयीनं जोखलं.
किती भरलं ते त्यानं सांगितलं.
मी वही घरी विसरले होते.