बेरीज

सारंगखेड्याच्या खालच्या अंगाला, तापीकाठी
आमचे बारा हौद.
पहाटे सहाला पाणी अजून रात्रीचं असतं.
मासे घ्यायचे ते तेव्हाच;
नऊनंतर एप्रिल कुणाला हात लावू देत नाही.

टबात लवंगतेलाचे थेंब.
रोहू कलंडतो, कल्ले मात्र चालू.
ओल्या फडक्यावर आडवा घेऊन
पाठीवर मीटर टेकवते,
दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे.
यंत्राला चरबी दिसत नाही.
त्याला फक्त पाणी कळतं.
चरबी आम्ही वजाबाकीने काढतो.

मग कातडीखालची चिप:
आई कोण, बाप कोण, वीण कुठल्या हौदातली.
मी आकडे ओरडते, दिलवर वसावे लिहितो.
त्याचा सात आणि एक सारखाच दिसतो,
यावरून आमचं रोज एकदा भांडण.

ज्याचं वाण पुढे न्यायचं
त्याला कापता येत नाही.
म्हणून त्याच्या बहिणी कापायच्या,
एका विणीतल्या आठ.
काट्याकल्ल्यांसकट दळायच्या,
रात्रभर ओव्हनमध्ये, एकशे पाच अंशांवर.
सकाळी उरतं ते माशाचं, उडालं ते पाण्याचं.
ईथर तेल धुऊन नेतं.
शेवटी भट्टी, आणि बशीत चिमूटभर राख,
भस्मासारखी, पण कपाळाला लावायची नाही.
आठ बहिणींवरून
पोहणाऱ्या एका भावाचा अंदाज.

(मी धुळ्याला बी.एस्सी.ला गेले
त्याच जूनमध्ये कोकिळा जिनिंगवर लागली.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला माहीत नाही.)

कधी डबा घेऊन अप्पा येतात.
भोयाचा हात, अंगठ्याचं नख अर्धं गेलेलं.
मीटरकडे बघतात,
जावयाकडे बघावं तसे, मान राखून, लांबून.
मग शेपटीच्या अलीकडे अंगठा दाबतात.
ओठ हलतात. सोडतात.
"हाऊ भरेल शे."
पुढचा.
"हाऊ नुसता फुगेल शे, माय."

तराजूवर दोघंही सहाशे चाळीस.

दुसरा चार नंबरच्या हौदातला.
त्यांना सहा आठवडे अर्ध्या खाद्यावर ठेवलंय;
पेंड कितीवर आणता येते ते बघायला.
उपाशी मासा लगेच हलका होत नाही.
चरबी जाते, पाणी तिच्या जागेवर येऊन बसतं,
भाडेकरूसारखं, आवाज न करता.
दोघांची बेरीज ऐंशीच्या आसपास, नेहमीची.
तराजूला वाटतं, सगळं ठीक आहे.

दिलवरने पेन टोपणात घातलं.
इथे यायच्या आधी तो दोन वर्षं
धडगावच्या पाड्यांवर पोरांचे दंड मोजायचा,
तांबडी, पिवळी, हिरवी पट्टी.
म्हणाला, काही पोरं वजनात बसायची.
आया खूश. गाल बघा म्हणायच्या.
मग आम्ही पायावर अंगठा दाबायचो,
तीन आकडे मोजायचो, उचलायचो.
खळगा राहिला तर...

आणि उठून खाद्याची बादली भरायला गेला.
चार नंबरला जरा जास्तच पडलं त्या दिवशी.
मी ते नोंदवलं नाही.
आता त्या हौदाचा आकडा कुणी विचारला
तर खरा कसा सांगू?

वहीच्या कडेला मी एक रकाना आखलाय,
मथळ्याशिवाय.
त्यात फक्त भरेल, फुगेल. भरेल, भरेल, फुगेल.
एकशे बारा मासे झाले.
ओव्हनच्या आकड्यांशी ताडून बघायचंय.
बघत नाही. उद्या बघेन.

आठ नंबरमधली एक मादी,
चिपचे शेवटचे आकडे चारशे सतरा,
जागी होऊन हातातून सुटली,
पाण्यात मिनिटभर तशीच थांबली,
जणू आपल्याला किती ठेवलंय, किती नेलंय
हे आतून तपासत.

ओव्हन चालू होता. तिच्या आठही बहिणी
सकाळपर्यंत कोरड्या होतील.