अर्धा अंश

जुनी मायटर सॉ मंगळवारी गेली.
आधी वास आला, जळक्या वॉर्निशचा,
मग ब्लॅकवुडच्या फळीत अर्ध्यावर रुतून
पातं उभं राहिलं, म्हाताऱ्या घोड्यासारखं.
ऑब्रीनं कानावरचे मफ उतरवले.
"एकोणीस वर्षं," म्हणाला. "माझं लग्न अकरा टिकलं."

सिग्नेटला जुलैमध्ये शेडचा पत्रा दुपारपर्यंत गार असतो.
फ्रँकलिनच्या एका घराच्या अकरा खिडक्या
महिनाअखेर चौकटींची वाट पाहत होत्या.
टीगननं व्हॅनची किल्ली माझ्याकडे फेकली.

ह्यूऑनव्हिलच्या दुकानात सहा करवती ओळीनं,
दात घासून शाळेत आल्यासारख्या.
बारा इंची घ्यावी, तर पातं टोकाशी थरथरतं
आणि धार लावायला होबार्टला धाडावं लागतं.
दहा इंची घ्यावी, तर रुंद फळी
शेवटच्या दोन बोटांना अपुरी.
दांड्यांवर सरकणारी सगळ्यात चांगली,
पण दांड्या मागे दोन फूट जागा मागतात,
आणि आमच्या मागे खिडकी,
खिडकीत ऑब्रीची किटली.
फोन केला.
"किटली हलणार नाही," तो म्हणाला
आणि ठेवून दिला.

विक्रेत्या पोरानं लेझर लावून दाखवला.
लाल रेघ, छान, दिवाळखोर गावातल्या रोषणाईसारखी.
पुढच्या करवतीवर नुसता दिवा होता:
पात्याची स्वतःचीच सावली लाकडावर पडायची,
जिथे पडायची तिथेच पातं उतरायचं.
मला हे पटलं.
ज्यानं कापायचं, त्यानंच आधी खूण करावी.

कोटाच्या खिशातून मी माझा गुण्या काढला,
तेव्हा पोराचा चेहरा पडला.
काढू दे.
नव्वदला प्रकाशाची रेघ नाही.
पंचेचाळीसला नाही.
पातं डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं,
तरी नाही.
हिला दांड्या नव्हत्या,
कोपरातून वाकणारे दोन हात होते, भिंतीला चिकटून बसणारे.
किंमत वाचली, चष्मा पुसून परत वाचली.
ऑब्रीच्या बोटीचं इंजिन तिथल्या तिथे
पुढच्या वर्षावर गेलं.

गुरुवारी पहिली चौकट जोडली.
चारही सांधे बाहेरून मिटलेले,
आतून उघडे.
फटीत माझं नख जात होतं.

गुण्या लावला. करवत निर्दोष.
फळ्या बघितल्या. सरळ.
ऑब्री म्हणाला, "बदलून आण."
मी त्या पोराला मनात चार शिव्या दिल्या,
मोठ्यानं दोन.
टीगन खाली मान घालून भुसा झाडत होती.
मग हळूच म्हणाली,
"मी लेबल लावलं होतं."

लेबल.
सफरचंदाच्या जुन्या पेटीचं, मेणकट, लाल,
तिची सुरुवात असताना मीच दिलेलं:
फळी टेकवण्याआधी हे मागे सरकव,
आपली करवत अर्धा अंश कमी घेते.
तीन वर्षं ती सरकवत होती, न बघता,
श्वास घ्यावा तसं.
आणि मी स्वतः कापलेल्या दोन फळ्याही
उघड्याच होत्या.
मी तर लेबल लावलंच नव्हतं.
माझा अंगठाच फळीला किंचित बाहेर रेटत होता,
करवत गेली तरी
तिची चूक माझ्या हातात नोकरीला होती.

चार फळ्या वाया गेल्या.
मी अंगठा मुठीत धरून परत कापल्या,
टीगननं दोन्ही हात खिशात घालून बघितल्या.
या वेळी नख अडलं.
लेबल मी भुशाच्या पिंपात टाकलं.

सोमवारी फ्रँकलिनला पोचलो.
घर शंभर वर्षांचं, नदीकडे झुकलेलं,
एक कोपरा दुसऱ्याशी बोलत नाही.
आमची काटकोनी चौकट पहिल्या खिडकीत
पाहुण्यासारखी अवघडून उभी.
ऑब्री शिडीवरून, तोंडात दोन खिळे,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग खिळे काढले.
"टीगन," म्हणाला,
"ते लेबल कुठे गेलं बघ."
तिनं खिशातून काढलं.