नाक

बॉनेटवरचं ते नाक
पहिल्या मालकानं नुसतं चिकटवलेलं.
समोरून जाळी, आत सपाट पत्रा.
दर्यापूरच्या उन्हात इंजिन धापा टाकायचं,
नाक आपलं ऐटीत.

नजाकत मिस्त्री म्हणाला, "सोंग हाय नुस्तं. फोडू काय?"
मी हो म्हणेपर्यंत
त्यानं खडूनं चौकोन आखलासुद्धा.

ग्राइंडरच्या ठिणग्या.
पत्र्याचा तुकडा कोंबडीनं
चोचीत धरून पाहिला, टाकला.
मग आत बोअरच्या पाइपाचा कोपर,
जुन्या कूलरची जाळी,
पावसाचं पाणी जायला खाली एक भोक.

अंजनगाव रस्त्यावर ऐंशी गाठली.
काटा लाल रेघेच्या अलीकडेच थांबला.

परत येऊन उघडलं:
पऱ्हाटीचा कापूस, कुणाच्या तरी लग्नाची अक्षत,
आणि दोन नाकतोडे,
एक अजून जिवंत.

नजाकत हात पुसत म्हणाला,
"आता रोज शिंकरावं लागन."