वाक्यात उपयोग करा

वाघचौरे सरांनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं,
पातेलं किटलीला काळं म्हणतं.
अर्थ सांगा. वाक्यात उपयोग करा.

भांडी बाजारातल्या आमच्या ओट्यावर
एका हातानं भाता, दुसऱ्यानं वही.
अर्थ ऐकून अण्णा हसले नाहीत.
म्हणाले, इथं एवढी काळी येतात रोज,
एकमेकांना लागतात, वाजतात,
पण नावं ठेवताना
मी अजून एकही ऐकलं नाही.

मग नवसागराची चिमूट. पांढरा धूर.
कापसाच्या बोळ्यामागून कथील पळालं
आणि पंचवटीच्या द्वारकाबाईंच्या टोपात
उजाडलं.

"बाहेरून तसंच आहे की काळं."
"ती चुलीची सही. तिला हात लावायचा नाही."

वाक्य मला संध्याकाळी घरातच मिळालं.
आई काकूला सांगत होती,
तुला बाई गप्प बसवत नाही.
तासभर सांगत होती.
मी नावं बदलून लिहिलं.

सरांनी बरोबरची खूण केली.
खाली, माझ्या काजळी बोटांच्या ठशांपाशी,
लाल शेरा: वही स्वच्छ ठेवावी.

'स्वच्छ'वर
त्यांचं पेन गळलं होतं.